आप्पा, तुम्हाला धरणावरून परत आणलं

आप्पा, तुम्ही सध्या आमच्या गॅलरीच्या ग्रिलला टांगलेले आहात.

हसू नका. अस्थी घरात घ्यायच्या नसतात, आणि कामोठ्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी टांगायला झाड कुठून आणायचं? दिनेशने आधी खाली पार्किंगमधल्या अशोकाला बांधलं होतं, तर तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "वहिनी, तुमच्या दुःखात आम्ही आहोतच, पण तिथे लहान मुलं खेळतात हो." तुमचा मुलगा कसा आहे तुम्हाला माहीतच आहे. लगेच "हो हो" म्हणाला आणि गाडगं सोडून माझ्या हातात दिलं. मग मी तुम्हाला ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला टांगलं, जिथे मी एरवी पायपुसणी वाळत घालते. पायपुसणी काढली, एवढं मात्र केलं. म्हणजे तुम्ही घरातही नाही आणि बाहेरही नाही. सकाळी अर्धा तास पाणी येतं तेव्हा बादल्या भरताना तुम्ही बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येता.

खरं तर तुम्ही रविवारीच मार्गी लागायचे होतात. आम्ही तुम्हाला धरणावर घेऊन गेलो होतो आणि परत घेऊन आलो. कुंदाताई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. उद्या मोरा बंदरावर जायचं ठरलंय, त्यांच्या शेजाऱ्यांची होडी आहे, तिथे समुद्रात. तोवर मला हे एकदा तुम्हाला सांगून टाकायचं आहे. माझा क्लास दहा दिवस बंद आहे. इतकी वर्षं म्हणत होते की एकदा तरी या शिकवण्यांमधून सुट्टी मिळावी, आणि आता मिळालीय तर दुपारी आडवं पडलं तरी झोप लागत नाही. अंग मात्र कुणीतरी धुऊन पिळून ठेवल्यासारखं झालंय.

तुमच्या मुलीचं, कुंदाताईंचं, म्हणणं चुकीचं नव्हतं, आप्पा. "आयुष्य गेला आप्पांचा त्या धरनावर, मंग दुसरीकडं कुठं नेयाचा?" सावडायच्या दिवशीच त्या बोलल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. तीस वर्षं पनवेलला पाणी देणाऱ्या त्या धरणावर तुम्ही चौकीदारी केलीत. सासूबाई गेल्यावर गावचं घर सोडून आमच्या दोन खोल्यांत आलात, तरी दर रविवारी सकाळी पायात चपला घालून दाराशी उभे. दिनेशची द्रोणागिरीच्या गोदामात शिफ्ट, त्यामुळे तुम्हाला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या रविवारी तुम्ही माझ्या स्कूटीवर मागे बसताना चार वेळा आजूबाजूला पाहिलंत. सासरा सुनेच्या मागे बसून चाललाय, हे वाटेतल्या नेऱ्याच्या नाक्यावरच्या कुणी पाहिलं तर काय, ही चिंता. दुसऱ्या रविवारी तुम्हीच म्हणालात, "हळू कशाला चालवतंस, मागचा यष्टीवाला हॉर्न मारतंय."

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी वैतागून यायचे. आठवड्यातला एक दिवस, त्यातही सकाळ, आणि ती मी एका म्हाताऱ्या माणसाबरोबर पाणी बघण्यात घालवायची. पण माथेरानचा डोंगर जवळ आला, हवा गार झाली आणि भिंतीवर उभं राहिलं की पाठीतून काहीतरी उतरून जायचं. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही बुधवारीपण चल म्हणाला असता.

निवृत्त झालात तरी तुमची फेरी कामावर असल्यासारखी. आधी भिंतीवरच्या पट्टीवर पाणी किती आहे ते बघायचं. मग चौकीत बाळूला "चोख हाय ना?" विचारायचं. बाळू धरणाकाठच्या वाडीतला, तुमच्या हाताखाली तयार झालेला, आता तोच चौकीदार. मग डाव्या काठाने जंगलात. छत्रीच्या टोकाने वेफर्सची पाकिटं टोचून पिशवीत टाकत जायचं, ऊन असो वा पाऊस. वनखात्याने पक्ष्यांच्या चित्रांचा फलक लावलाय, त्यातलं एक नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. पंख पसरून दगडावर बसणाऱ्या पाणकावळ्यांना तुम्ही वकील म्हणायचात. "बघ, वकील लोकांनी कोट सुकत घातलं." मी एकदा कोर्टाच्या कामाला पनवेलला गेले होते, तिथे खऱ्या वकिलाला बघून हसू आवरेना.

आणि काठावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ल्यावर तुम्ही पाणी प्यायचात ते घरून आणलेल्या बाटलीतलं. समोर अख्खं धरण. मी विचारलं तर म्हणालात, "कच्चा पानी पिऊ नये." तीस वर्षांत तुम्ही त्या पाण्यात ओंजळ बुडवली नव्हती.

कुणालाच बुडवू दिली नव्हती. नगरसेवकाच्या पोरांची वाढदिवसाची पार्टी तुम्ही पाण्यापासून उठवून लावली होती, तुमच्या सख्ख्या भावाची जीप धुवायला आली तेव्हा तिची चावी काढून घेतली होती, हे सगळं मला बाळूकडून कळलं. पण आमच्या चिऊचं मी स्वतः पाहिलं. सहा वर्षांची पोर, सँडल काढून दोन पाय पाण्यात सोडून बसली, तर तुम्ही तिला बखोटीला धरून वर काढलंत. ती भोकाड पसरून रडली. मी म्हटलं, "आप्पा, नात आहे तुमची, तिच्या पायांनी काय होणारे?" तर म्हणालात, "घरचा मानूस आधी आडवावा. मंग भायेरचा आपसूक थांबतं." परत येताना नाक्यावर तिला कुल्फी घेऊन दिलीत, तर ती पठ्ठी कुल्फी खाऊन पुन्हा रडायला लागली.

तुमचं हे मला कधी पटलं नाही. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात, असं मी मुलांना शिकवते. आपला त्यावरून दर महिन्या-दोन महिन्यांनी खटका उडायचा, आणि तुम्ही सरळ छत्री उघडायचात. तो तुमचा वाद संपवायचा मार्ग.

आता तो रविवार.

दोन वर्षांपूर्वीचा, असाच मार्च. काटेसावर फुलली होती, पाणी खाली गेलं होतं आणि काठाला चिखलाच्या भेगा पडल्या होत्या. एक जोडपं आलं होतं, रिक्षा करून. माणूस चाळिशीचा, नुकतंच मुंडन केलेलं, हातात लाल फडक्यात बांधलेलं गाडगं. त्याचे वडील गवंडी होते. धरणाच्या भिंतीच्या दुरुस्तीवर त्यांनी कधीकाळी काम केलेलं. मरताना म्हणाले होते, मला तिथे सोडा.

तुम्ही म्हणालात, "नाय."

"काका, चिमूटभर. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळला ना. पिन्याचा पानी हाय हा. भिंतीच्या खालती नदी हाय, तिकरं जा. नायतर खाडीवर जा."

"खाली पाणीच नाही हो काका. नुसते दगड आहेत."

त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. तो माणूस तुमच्या पाया पडला. तुम्ही दोन पावलं मागे सरलात, पण हो म्हणाला नाहीत. मग चौकीत गेलात, पिशवी ठेवायला. मला तुमचा भयंकर राग आला होता.

ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, आप्पा. मी त्याच्याजवळ गेले आणि त्याला मागची वाट दाखवली. पुढे वाडीकडे जाणारी पायवाट, मोहाच्या झाडाशी उजवीकडे वळा, खाली लव्हाळ्यात पाणी आहे, भिंतीवरून दिसत नाही. ती वाट मला तुम्हीच दाखवली होती. तिथे टिबुकलीने, त्या बुड्या मारणाऱ्या चिमुकल्या पाणपाखराने, पाण्यावर घरटं केलं होतं आणि ते दाखवायला तुम्ही मला हाताला धरून नेलं होतंत, दुसऱ्या कुणाला नेलं नव्हतंत. ती वाट मी एका परक्या माणसाला देऊन टाकली. तो हात जोडून गेला. आणि त्याचं काम होणार हे माहीत असूनसुद्धा मी घरी येताना स्कूटीवर तुम्हाला वाट्टेल ते बोलले. "तुमच्या छातीत काळीज आहे की पाइपाचा व्हॉल्व?" असंसुद्धा बोलले. कामोठ्याच्या सिग्नलला फक्त म्हणालात, "येकाला सोडला तर रांग लागंल गो."

पुढच्या रविवारी लव्हाळ्यात लाल फडकं तरंगत होतं. झेंडूची माळ, अर्धा नारळ, आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यात बहुतेक फुलं आणली असतील. टिबुकलीच्या घरट्याला ते सगळं जाऊन अडकलेलं. तुम्ही बराच वेळ बघत उभे राहिलात. मग चपला काढल्यात, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळलीत, पाण्याला हात जोडलेत आणि आत उतरलात. तुम्हाला पाण्यात उतरलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. गुडघे कुरकुरत होते, मी हात द्यायला पुढे झाले तर तुम्ही खुणेनेच मला काठावर थांबवलंत. सगळं बाहेर काढलंत. फडकं पिळून फांदीवर सुकत टाकलंत, फुलं आणि नारळ वर मातीत पुरलेत.

"वाट म्हाईत असलेला कोनतरी व्हता," तुम्ही म्हणालात.

आणि मी काय म्हणाले ते आठवतं का? मी म्हणाले, "वाडीतलं कुणीतरी असेल."

इतकं सहज तोंडातून आलं, आप्पा. ज्या माणसांनी आम्हाला करवंदं दिली, चिऊला ताप भरला तेव्हा खाटेवर निजवलं, त्यांच्यावर मी ढकलून दिलं आणि मोकळी झाले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि चपला पायात घातल्यात. त्यानंतर कितीतरी रविवार मी मनात ठरवून निघायचे की आज सांगायचं. पट्टी बघून झाली की सांगू, भाकरी खाऊन झाली की सांगू. मग तुम्ही काहीतरी वकिलांचं बोलायचात आणि राहून जायचं.

हॉस्पिटलमध्येही राहून गेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, आणि तुम्ही मास्क बाजूला करून विचारलंत, "किती?" त्या डॉक्टरांना काही कळेना. मला मात्र खो खो हसू आलं, आणि मग बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. ते अठरा दिवस मी शिकवण्या, डबा, हॉस्पिटल, डबा अशी नुसती फिरत होते. तुमच्या शेजारी बसले की डोळे मिटायचे. शेवटच्या रविवारी तुम्ही जागे होतात, आसपास कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "आधी जरा निज. तोंड बघ कसा झालंय." आणि मी खरंच झोपले, खुर्चीत, तुमच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून. जाग आली तेव्हा नर्स चादर बदलायला आली होती. मंगळवारी तुम्ही गेलात. रागावू की काय करू, तेच कळत नाही. मला झोपवलंत आणि माझं बोलणं पळवून नेलंत.

तर परवाचा रविवार. दिनेश, कुंदाताई, त्यांचे यजमान, मी आणि तुम्ही, असे रिक्षाने गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्या मागे नव्हतात, मांडीवर होतात. बाळूने लांबूनच पाहिलं आणि फाटक उघडलं. गाडगं दिसलं तरी उघडलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बाजूला झाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "तुमी जावा खालती," म्हणाला, "आमी कोनाला येऊ देत नाय तवर."

कुंदाताई म्हणाल्या, "वैनी, तुमाला जागा म्हाईत हाय. निवांत असंल तिथं चला."

मला एकच निवांत जागा माहीत होती. मी म्हटलं, मोहाच्या झाडापासून खाली जाऊ.

"ती वाट बंद हाय, वैनी," बाळू म्हणाला.

बंद होती हे मलाही माहीत होतं. दोन वर्षं तिथे करवंदीच्या काट्यांची वई घालून वाट अडवलेली होती. वाडीतल्यांनी गुरांसाठी घातली असेल असं मी धरून चालले होते. तेच सोयीचं होतं ना. मी म्हटलं, "मग जरा बाजूला करू या ना काटे. कुणी घातलेत?"

बाळू टोपी या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "आप्पांनी. तो लाल फडका गावला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी यष्टीनी आलते येकलेच. आमी दोघांनी दिवसभर काटे तोडले. हाताची सालटी निघाली त्यांच्या."

मला त्या सोमवारचे तुमचे हात आठवले. मी हळद लावून दिली होती. तुम्ही म्हणाला होतात, बागेत गुलाबाच्या कुंपणाला धरलं.

"मी बोललो त्यांना," बाळू सांगत होता, "वाडीत इचारतो, कोनी वाट दाखवली ती. तर माज्यावर वराडले. बोलले, वाडीतल्या कोनाला येक शब्द बोलायचा नाय. चूक माज्या घरातली हाय, काटं मीच लावनार."

दिनेश माझ्याकडे बघायला लागला. कुंदाताईंना काही उमजेना. मी बाळूला विचारलं, त्यांना कसं कळलं?

"आप्पांनी चौकीच्या खिडकीतनं बघितलेला ना तुमाला. हात करून वाट दाखवताना." बाळू खाली बघून बोलत होता, जणू त्यालाच लाज वाटत होती. "मी इचारला, मंग तवाच का नाय आडवला त्या मानसाला? तर बोलले, तिनी सांगितला त्याला. आता परक्या मानसाम्होरं तिचा शब्द कसा खाली पाडू?"

आप्पा, तुम्ही बघत होतात.

तुम्ही खिडकीत उभे राहून तो माणूस गाडगं घेऊन त्या वाटेने जाताना बघत होतात, आणि गेलात नाही मागे. नगरसेवकाला सोडलं नाहीत, सख्ख्या भावाला सोडलं नाहीत, सहा वर्षांच्या नातीच्या पायांना सोडलं नाहीत. आणि मला सोडलंत. वर माझ्या शिव्या खात स्कूटीवर मागे बसून आलात. मी तुमच्या काळजाचा व्हॉल्व काढत होते तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. मी वाडीचं नाव घेतलं तेव्हाही माहीत होतं. बाळूलाही दोन वर्षं माहीत होतं, आणि दर रविवारी तो मला चहा देत होता, आधी माझा कप, मग स्वतःचा.

मी तिथेच मातीत बसले. दिनेश म्हणाला, "चल, ऊन वाढतंय, आटपू या." कुंदाताई म्हणाल्या, "वैनी, उठा. आता तुमीच सोडा त्यांना, तुमचाच मान हाय." त्या मनापासून म्हणत होत्या. समोर पाणी होतं, खूप खाली गेलेलं, आणि दगडावर दोन पाणकावळे पंख पसरून बसले होते. फाटकातून सरळ खाली पंचवीस पावलं चालायची होती. बाळू बाजूला उभा होता, वाट मोकळी करून.

मी उठले आणि पाण्याकडे न जाता बाळूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. गाडगं दोन्ही हातांत धरून.

"बाळू, मला अडव," मी म्हटलं.

त्याला कळेना. "नाय नाय वैनी, तुमी जावा. आपल्याच मानसाला कोन आडवनार?"

"अरे, तुझं कामच आहे ते. अडव मला."

दिनेशने मला दंडाला धरलं. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय, आणि इतक्या दिवसांच्या जागरणांनी फिरलंही असेल. पण बाळू माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्याने हातातली टोपी झटकली, डोक्यावर घातली. मग वाटेच्या मधोमध येऊन, दोन्ही हात आडवे पसरून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, जणू मला पहिल्यांदाच बघत होता, "हितं नाय सोडायचा. पिन्याचा पानी हाय."

तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते, आप्पा. तेव्हा रडले.